दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलीचं अंगावरचं दूध सोडवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी २० महिन्यांची, वजन साडेनऊ किलो. सात महिन्यांची असताना तिला दोन चमचे शेवयांची खीर भरवली आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजला, उलटी झाली. तपासणीत गायीच्या दुधाची ॲलर्जी निघाली. आईने दूध-दही खाल्लं की मुलीचा एक्झिमा, म्हणजे कातडीवरचं खाजरं पुरळ, उसळतो, म्हणून आईनेही तेव्हापासून दुधाचं सगळं बंद केलंय. घर शाकाहारी. मुलगी दिवसरात्र मिळून पाच-सहा वेळा अंगावर पिते. दोन महिन्यांनी आई नोकरीवर रुजू होणार, म्हणून आता सोडवायचं आहे. सासूबाई म्हणतात शेळीचं दूध लावा, शेजारच्या काकू म्हणतात देशी गायीचं पचेल. आईने विचारलंय, "अंगावरचं बंद केल्यावर हिला दूध द्यायचं तरी कोणतं?"

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बहुतेक घरांत सगळं इथेच अडतं. दूध द्यायलाच हवं असं नाही. वर्ष उलटल्यावर दूध हे मुलाच्या आहारातलं सोयीचं अन्न आहे, पण त्याच्यावाचून अडत नाही. कॅल्शियम, प्रथिनं, स्निग्धांश, बी-१२ हे मात्र मिळालंच पाहिजे. अंगावर पिण्यातून मुलीला पोषण मिळतं आणि आईची ऊब मिळते. पोषणाची जागा ताटाने भरायची, उबेची जागा घरातल्या माणसांनी. आणि ताट आधी तयार करायचं, सोडवायला नंतर घ्यायचं. हा क्रम उलटला की मुलगी आठवडाभर धड जेवत नाही, वजन उतरतं, घरातले घाबरतात, कुणीतरी मायेपोटी वाटीभर शेळीचं दूध पाजतं आणि रात्री दवाखाना गाठावा लागतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे, ॲलर्जीची मुलं रोज बघते. हे असंच घडताना अनेक घरांत पाहिलंय.

शेळीच्या दुधाचा विषय आधी संपवू. गायीच्या दुधाची ॲलर्जी असणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक मुलांना शेळीच्या दुधाचीही ॲलर्जी असते, कारण दोन्हींतली प्रथिनं जवळजवळ सारखी आहेत. म्हशीच्या दुधाचंही तेच. देशी गायीच्या ए-टू दुधाबद्दल हल्ली फार विचारलं जातं. ए-वन आणि ए-टू यांच्यात फरक आहे तो बीटा-केसिन नावाच्या एका प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाचा. ॲलर्जी असलेल्या मुलीचं शरीर केसिनचे इतर भाग ओळखतं, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुधातलं दुसरं प्रथिन ओळखतं, आणि ते गीर, खिल्लार, जर्सी सगळ्यांच्याच दुधात आहे. दूध उकळल्याने केसिन जात नाही. विरजण लावल्याने प्रथिनं नाहीशी होत नाहीत, त्यामुळे दही-ताकही नाही. गावोगाव गाढवीण घेऊन फिरणाऱ्यांकडून चमचाभर दूध पाजण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ते दूध कच्चं असतं आणि या मुलीला त्याने काय होईल हे रस्त्यावर आजमावून बघायची गोष्ट नाही.

दुकानात 'लॅक्टोज-फ्री' दूध आणि पावडर मिळते, तीही हिच्यासाठी नाही. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती काढली तरी प्रथिनं तशीच राहतात. आईच्या दुधात तर गायीच्या दुधापेक्षा लॅक्टोज जास्त असतं, आणि ते ही मुलगी २० महिने पितेय. म्हणजे तिचं वाकडं साखरेशी नाही, प्रथिनाशी आहे. डब्यावर 'एचए' लिहिलेली पावडर असते, त्यात प्रथिनं अर्धवट तोडलेली असतात. ॲलर्जी आधीच असलेल्या मुलांना तीही चालत नाही. पूर्ण तोडलेल्या प्रथिनांची किंवा अमिनो आम्लांची खास पावडर मिळते. ती महाग आहे आणि चवीला कडवट. वर्षाच्या आतल्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना ती वाचवते. २० महिन्यांच्या, बऱ्यापैकी जेवणाऱ्या मुलीला तिची गरज सहसा पडत नाही. वजन वाढत नसेल, जेवण अगदीच तुटपुंजं असेल, तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून तिचा विचार करा.

राहता राहिली वनस्पतींची दुधं. त्यांत प्रथिनांच्या बाबतीत गायीच्या दुधाच्या जवळ जाणारं सोयाचं. पण दुधाची ॲलर्जी असलेल्या दहा मुलांत एखाद्याला सोयाचीही असते, तेव्हा आधी टोफूचा छोटा तुकडा सकाळच्या वेळी देऊन दोन-तीन दिवस बघा. चाललं तर कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं सोया दूध आणा. पाकिटावर १०० मिलिलिटरला साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे ना हे वाचा, आणि ओतण्याआधी पाकीट जोरात हलवा, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. घरी दळून गाळलेल्या सोया दुधात किंवा बदाम दुधात हे कॅल्शियम नसतं. बदाम आणि ओट दूध प्रथिनांच्या बाबतीत बरंच फिकं असतं. नारळाचं दूध स्वयंपाकाला उत्तम, त्यातून स्निग्धांश चांगला मिळतो, पण प्रथिनं आणि कॅल्शियम नगण्य. भाताचं दूध या वयात पेय म्हणून देऊ नका. तांदळातून आर्सेनिक जाण्याची काळजी असते.

आता ताटाकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे.

पाच-सहा वेळा नीट पिणाऱ्या मुलीला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर दूध मिळतं असा हिशोब धरा. त्यातून सुमारे ३०० कॅलरी मिळतात. तिची गरज हजारच्या आसपास. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जेवण आईच्या अंगावरून येतंय, आणि सोडवताना तेवढं ताटात वाढलं पाहिजे. कॅल्शियमची गोष्ट मात्र वेगळी. आईच्या दुधात १०० मिलिलिटरला २५ ते ३० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गायीच्या दुधात त्याच्या चौपट. एक ते तीन वर्षांच्या मुलांची गरज आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे दिवसाला ५०० मिलिग्रॅम. अंगावरच्या दुधातून तिला जेमतेम सव्वाशे मिळतंय. म्हणजे कॅल्शियमची तूट सोडवल्यावर सुरू होणार नाही, ती आजही असण्याची शक्यता आहे. म्हणून सोडवायची वाट न बघता आजच हात घाला.

शाकाहारी घरातलं कॅल्शियम असं मोजते. नाचणीचं पीठ ३० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे, त्यात सुमारे ११०. न सोललेले तीळ भाजून कुटलेले चमचाभर, पाचेक ग्रॅम, त्यात साठ. शेवग्याचा कोवळा पाला मूठभर, वरणात किंवा धिरड्यात, त्यात पन्नास. राजगिऱ्याचा छोटा लाडू, तीस-चाळीस. डाळ, उसळ, इतर भाजी यांतून पन्नास ते ऐंशी. हे सगळं एका दिवसात पोटात गेलं तरी बेरीज ३०० च्या पुढे-मागे थांबते, आणि २० महिन्यांची मुलगी रोज हे सगळं खाईल असं नाही. उरलेलं दीडशे-दोनशे एक कप कॅल्शियमयुक्त सोया दुधातून येऊ शकतं. सोया चालत नसेल तर कॅल्शियमचं सिरप लागेल. ते किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवावं. लोहाचं औषध चालू असेल तर ते आणि कॅल्शियम एका वेळी देऊ नका, एकमेकांना अडवतात. नाचणीला मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ वापरा, त्यातलं कॅल्शियम आणि लोह जास्त लागू पडतं. पालकावर भिस्त ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं.

बाजारातलं तयार नाचणी सत्त्व घेताना पाकीट उलटून वाचा. काहींत दूध पावडर असते.

बी-१२ बद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण शाकाहारी घरात दूध बंद झालं की बी-१२ चा शेवटचा नैसर्गिक मार्गही बंद होतो. डाळीत नाही, भाजीत नाही, नाचणीत नाही. इथे आईनेही गेलं वर्षभर दूध-दही सोडलंय, म्हणजे तिच्या अंगावरच्या दुधातही ते कमी असणार. बी-१२ खूप कमी पडलं की मूल सुस्त होतं, हसणं-खेळणं कमी होतं, शिकलेलं विसरतं, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते, हातपाय थरथरायला लागतात. वेळीच औषध दिलं तर भरून निघतं, उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर परिणाम राहू शकतो. म्हणून या मायलेकींची बी-१२ आणि हिमोग्लोबिनची तपासणी सोडवायला सुरुवात करण्यापूर्वी करून घ्या, हे मी आग्रहाने सांगते. आईला गोळी, मुलीला थेंब, हे बहुधा लागणारच. ड जीवनसत्त्वही डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. लोहाचं म्हणाल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला होता. दुधाची ॲलर्जी असो वा नसो, ते तपासायलाच हवं.

उरलेल्या कॅलरींसाठी तेल हा सगळ्यांत सोपा मार्ग. वरण-भातावर आपण तूप घालतो. हिच्या वरण-भातावर घाण्याचं शेंगदाणा तेल किंवा खोबरेल घाला, एक छोटा चमचा म्हणजे ४५ कॅलरी. तुपात प्रथिनांचे अंश उरतात, दहा मिनिटांत ओठ सुजलेल्या मुलीला ते डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको, घरच्या सायीचं तर अजिबात नको. मुगाचं धिरडं, मऊ थालीपीठ, मटकीची शिजवून कुस्करलेली उसळ, केळ्यात कालवलेलं शेंगदाण्याचं कूट. नाचणीची लापशी नारळाच्या दुधात शिजवून थोडा गूळ घातला की मुलं आवडीने खातात. आंबिलीत ताकाऐवजी कोकमाचं आगळ घाला. शेंगदाणे किंवा तीळ तिने आजवर खाल्ले नसतील तर ते एकेक करून, बरी असताना, सकाळी, अगदी थोड्या प्रमाणात सुरू करा. दोन्हींची ॲलर्जी असू शकते. अख्खे दाणे, काजू, बदाम पाच वर्षांपर्यंत नकोच, घशात अडकतात. घरात अंडं चालत असेल आणि मुलीला सोसत असेल तर काम फार सोपं होतं: प्रथिनंही आली, थोडं बी-१२ ही आलं.

लपलेलं दूध ओळखायला घरातल्या सगळ्यांनी शिकायला हवं, एकट्या आईने नाही. पाकिटावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसिनेट' यांपैकी काहीही असलं तर ते दूधच. आपल्याकडे दुधासारखे ॲलर्जी करणारे घटक लेबलवर जाहीर करणं बंधनकारक आहे, तेव्हा वाचण्याचा उपयोग होतो. सुट्टं मिळणारं मात्र काही सांगत नाही: बेकरीची नानकटाई, मऊ पाव, मिठाईच्या दुकानातली, दुधाच्या मिठाईच्याच परातीत ठेवलेली सोनपापडी. होमिओपॅथीच्या पुड्यांतली पांढरी पूड बहुतेकदा दुग्धशर्करेची, म्हणजे लॅक्टोजची असते, तिच्यात दुधाच्या प्रथिनांचे अंश असू शकतात, ती देण्याआधी विचारा.

एवढं ताट बसायला दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर अंगावरचं जसं चालू आहे तसं चालू द्या, फक्त वेळ बदला: जेवणाच्या आधी पाजू नका, जेवणानंतर पाजा. भूक ताटावर निघाली पाहिजे. तुमच्याकडे दोन महिने आहेत, ते पुरेसे आहेत.

इथे एक विचारते: पूर्ण सोडवायलाच हवं का? नोकरी सुरू झाली म्हणून सगळं बंद करावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि पुढेही पाजायला सांगते. दिवसाचं बंद करून रात्री झोपताना आणि पहाटे असं दोनदा चालू ठेवणाऱ्या नोकरदार आया पुष्कळ आहेत, आणि दूध न चालणाऱ्या मुलीला तर त्याचा फायदाच आहे. तुम्ही थकला असाल, वर्षभर बिनदुधाचं जेवून कंटाळला असाल, आता बस्स वाटत असेल, तर तेही पुरेसं कारण आहे, त्यासाठी कुणाला जाब द्यायची गरज नाही. पण ॲलर्जी आहे म्हणून बंद करा असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे.

आता प्रत्यक्ष सोडवणं. एका वेळी एकच पाजणं कमी करायचं आणि पाच ते सात दिवस तिथेच थांबायचं. सुरुवात दुपारच्या मधल्या वेळेपासून, जी मुलगी कंटाळली म्हणून पिते. त्या वेळेला घराबाहेर असा: जिन्यात, अंगणात, आजोबांबरोबर कोपऱ्यापर्यंत. तुम्ही नेहमी ज्या खुर्चीत किंवा ज्या कोपऱ्यात बसून पाजता, तिथे त्या वेळी बसूच नका. मुलीला ती जागा दिसली की आठवण होते. पुढे झिप असलेला गाऊन दिवसा घालू नका. स्वतःहून पुढे करायचं नाही, आणि तिने मागितलं की आधी पाणी, खाऊ, मांडी, गोष्ट. तरीही ओढणी ओढून जीव तोडून रडली तर पाजा. त्याने केलेलं फुकट जात नाही. मात्र त्या आठवड्यात दुसरं पाजणं कमी करायला घेऊ नका. दिवसाची गेली की झोपतानाचं, आणि सगळ्यांत शेवटी पहाटेचं. बाटली या घरात नव्याने आणू नका. पाणी, सोया दूध जे काही असेल ते छोट्या पेल्यातून.

छातीला कारल्याचा रस, कडुनिंब, मिरची लावण्याचे सल्ले येतील. मिरचीने तोंड, डोळे भाजतात, एक्झिमा असलेल्या कातडीला तर फारच. कडू लावल्याने मुलगी सोडेलही, पण ज्या एका जागी तिला हमखास शांत वाटायचं तिथे अचानक दगा झाला असं तिला वाटतं, आणि पुढचे काही दिवस ती जेवणावर सूड उगवते. मुलीला आठवडाभर आजोळी ठेवून सोडवण्याची रीत तर या मुलीच्या बाबतीत धोक्याची आहे. मामीला, आजीला कितीही माया असली तरी तिथल्या स्वयंपाकघरात काय चालतं, कोणत्या चमच्याने काय ढवळलं हे तुमच्या ताब्यात नसतं. मुलगी रडायला लागली की मोठ्यांचा हात पेढ्याकडे जातो.

रात्रीचा भाग बाबांचा. मी हे सांगते तेव्हा काही बाबा हसतात, काही आजींना रुचत नाही, पण रात्री आईचा वास आला की मुलीला दूध आठवणारच. झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास नाचणीची लापशी किंवा धिरडं असं काहीतरी पोटभरीचं, मग दात पुसणं, मग बाबांच्या खांद्यावर. पहिल्या तीन-चार रात्री रडारड होते. बाबांनी उचलावं, फिरवावं, पाणी द्यावं, तिच्याशी बोलावं. दिवा लावून खेळवू नये. साधारण आठवड्याभरात बहुतेक मुलं बाबांकडे झोपायला लागतात. बाबा घरी नसतील तर आजी, मावशी, कुणीही चालेल, पण रोज एकच माणूस हवं.

ताप, जुलाब, दाढा येण्याचा त्रास, एक्झिमा भडकलेला, घर बदलणं, पाळणाघराचा पहिला आठवडा, यांपैकी काही चालू असेल तर सोडवायचं काम तिथेच थांबवा. जुलाब लागलेल्या, बाहेरचं कुठलंच दूध न चालणाऱ्या मुलीला आईचं दूध हा मोठा आधार असतो. म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवसाच्या निदान दोन आठवडे आधी दिवसाचं पाजणं संपलेलं असावं, आणि पाळणाघर त्याच आठवड्यात सुरू होऊ नये.

आईच्या शरीराबद्दल. हळूहळू सोडवलं तर पान्हा आपोआप ओसरतो. मधेच छाती भरून दगडासारखी झाली तर कोमट पाण्याच्या अंघोळीत हाताने ताण उतरेपर्यंतच दूध काढा, रिकामी करू नका. नंतर थंड ओल्या फडक्याचा शेक. करकचून बांधू नका, त्याने दूध साचून गाठ होते. मोगऱ्याची फुलं छातीशी बांधण्याची रीत काही घरांत आहे. बाळंतपणानंतरच्या स्त्रियांवर याचा अभ्यासही १९८८ साली छापून आला होता, आणि करून बघायला काही अपाय नाही. एका बाजूला लाल पट्टा, कळ आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा वेळी पाजणं एकदम तोडायचं नसतं, दूध बाहेर निघत राहायला हवं. दूध आटवायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

पाळी नियमित होईल, दिवस राहण्याची शक्यता वाढेल, त्याची सोय बघा. आणि मन काही दिवस उदास राहू शकतं. सोडवायची इच्छा आपलीच असली तरी रडू येतं; शरीरातली संप्रेरकं बदलत असतात, त्याचा तो भाग आहे. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, कशात जीव रमत नसेल, तर सांगा, त्यावर उपचार आहेत. तुमच्या जेवणात दूध-दही परत कधी? तुमच्या खाण्याने मुलीचा एक्झिमा उसळतो म्हणता, तेव्हा शेवटचं पाजणं बंद झाल्यावरच. तोपर्यंत तुमची स्वतःची कॅल्शियमची गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅम आहे आणि ती जेवणातून भागत नसणार, गोळी चालू हवी. नंतर चहा-दही खायला लागलात की हात धुऊन, चूळ भरून मुलीला जवळ घ्या.

पाळणाघरातल्या ताईंना तोंडी सांगून भागत नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, बिस्किट, चॉकलेट नाही, डबा फक्त घरचा, पेला वेगळा. अंगणवाडीतून मिळणाऱ्या आहाराच्या पाकिटावरचे घटकही वाचा. सत्यनारायणाचं तीर्थ म्हणजे पंचामृत असतं आणि भटजी चमचाभर मुलाच्या हातावर देतात, हे घरच्यांच्याही लक्षात राहत नाही. संक्रांतीच्या बोरन्हाणात बोरं, चुरमुऱ्यांबरोबर आता चॉकलेटं उधळतात आणि मुलं ती वेचून थेट तोंडात घालतात.

त्याच कागदाच्या मागे काय झालं तर काय करायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसत्या गांधी उठल्या तर ॲलर्जीचं सिरप. पण श्वासाला घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, पुन्हापुन्हा उलट्या, पांढरी पडून मलूल होणं यांपैकी काही दिसलं तर सिरप देऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन किंवा जवळचा दवाखाना, आणि गरज आहे ती ॲड्रेनॅलिनच्या, म्हणजे तीव्र ॲलर्जी आवरणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनची, मांडीत. ते घरी ठेवायचं का, किती मात्रेचं, कसं द्यायचं हे डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून हातात घेऊन शिकवावं.

ही ॲलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वयापर्यंत जाते. म्हणून दर सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासणी करा. अनेक मुलांना आधी भट्टीत बराच वेळ भाजलेलं, पिठात मिसळलेलं दूध चालायला लागतं, मग हळूहळू पुढचे पदार्थ. पण ज्या मुलीला दहा मिनिटांत गांधी आणि उलटी झाली तिचा पहिला प्रयोग दवाखान्यातच, सोयी असलेल्या ठिकाणी, तोही सोडवण्याच्या काळात नाही. दोन्ही एकदम केलं तर पुरळ कशाने आलं, जेवण कशाने तुटलं हे कुणालाच कळणार नाही. शेवटचं पाजणं बंद झाल्यावर दीड-दोन महिने जाऊ द्या, मग तारीख घ्या.

सोडवायला सुरुवात करताना वजन आणि उंची लिहून ठेवा, आणि पुढचे चार महिने दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करा. या वयात महिन्याला साधारण २०० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. एखादा महिना वजन थांबलं तर घाबरू नका, पुढचं पाजणं कमी करायचं लांबवा आणि ताटात तेल, कूट, डाळ वाढवा. सलग दोन महिने थांबलं किंवा उतरलं, तर आठवडाभराचं खाणं वहीत लिहून ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.